हात दाखवून

वेंडेलिन अजूनही हात दाखवून वळतो.
मागे कोणी नाही, पुढेही नाही.
डावीकडे कापूसगवत, उजवीकडे कापूसगवत,
मधून खडीची पांढुरकी रेघ,
आणि हा माणूस फाटा आला की
डावा हात लांब करतो,
मान वळवून बघतो, कोण येतंय का.

एकतीस वर्षं चाळीस टनी ट्रक.
अँटवर्पहून निघायचा, कोलोन करून परत.
घरात आधी डिझेलचा वास यायचा,
मग तो.
डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं, खिडकीच्या बाजूच्या.
म्हणून मी उजवीकडून चालवते,
त्याला चिकटून, अख्खा रस्ता अडवून.
उभ्या जन्मात कुठल्या रस्त्याने आम्हाला ही चैन दिली नव्हती.

ऑयपेनहून सातला निघालो.
धरणापर्यंत जंगल, मग चढ.
घाट वगैरे नव्हे, पण खडी सैल,
मागचं चाक जागच्या जागी फिरतं
आणि चौसष्टाव्या वर्षी गुडघा मध्येच बोलायला लागतो.
टायरमधली हवा थोडी काढ, मी म्हणते,
खडीशी भांडायचं नसतं.
तो म्हणतो, ट्रकला कधी...
म्हटलं, हा ट्रक नाही.

वर आलं की झाडं एकदम संपतात.
कुणी बोलता बोलता उठून जावं तशी.
मग नुसतं फेन. तपकिरी, ओलं,
हेदर अजून फुलायचं आहे.
इथलं मेलेलं गवत माती व्हायचीही घाई करत नाही,
वीतभर थराला दोनशे वर्षं घेतं.
आत्या झिबिला तो थर कापायची,
विटा पाडून उन्हात रचायची,
त्यावर अख्खा हिवाळा चूल पेटायची.
आता कापायला बंदी. फळ्यांची वाट सोडायला बंदी.
कुत्र्याला बंदी, गाडीला तर कधीचीच.
मग परवानगी कशाची गं, आत्याने विचारलं असतं.
बघायची, आत्या.
आणि दमायची.

हेदरमध्ये गुडघाभर उंचीचा एक दगड आहे.
सरहद्द.
वेंडेलिन तिथे थांबला,
पुढचं चाक जर्मनीत, मागचं बेल्जियममध्ये,
आणि अंड्याचं सँडविच काढलं.
सत्त्याऐंशी साली आखनच्या नाक्यावर
एक शिक्का कमी म्हणून अकरा तास बसवलं होतं त्याला.
सँडविच त्याने फार सावकाश खाल्लं.

पुढे काठीवर लाल निशाण.
तीन आठवडे पाऊस नाही, आत जायचं नाही.
वनखात्याची पोरगी ओडिल, गळ्यात दुर्बीण,
घामाने टोपी कपाळाला चिकटलेली.
आतून घर अकरा किलोमीटर, वळसा घालून तेवीस.
मी म्हटलं, आम्ही सिगरेट ओढत नाही,
सायकलला धूर नसतो.
ती म्हणाली, माहीत आहे.
मग काळ्या रानकोंबड्यांचं विचारलं, किती उरलेत?
मोजलेत, म्हणाली. सांगत नाही.
आकडा सांगितला की माणसं बघायला येतात.

मला राग आला.
वेंडेलिनने सायकल केव्हाच फिरवली होती.
नाक्यांवर आयुष्य गेलेला माणूस,
म्हणाला, थांबवलं तर थांबायचं.
आणि ऐक,
कोणी हॉर्न वाजवतंय का?

तेवीस किलोमीटर.
सोळाव्याला माझा गुडघा पार बसला.
त्याला ते कळलं नाही, कान त्या बाजूचा नव्हता
की वाऱ्याचा होता, देव जाणे.
तो पुढे गेला, ठिपका झाला.
आणि मला या खालच्या वाटा माहीत नाहीत.
दूर कुठेतरी खडी दोन ठिकाणी फुटली होती,
दोन्ही रेघा सारख्याच पांढऱ्या.

तिथे त्या ठिपक्याला हात फुटला.
डावीकडे, लांब, सरळ,
कोणी येवो न येवो.

मी फाट्यावर पोचले तेव्हा तो दिसत नव्हता.
डावीकडे वळले.
वळताना हात दाखवला.
मागे कोणी नव्हतं.